सान सिरो पाडण्याआधी : 'कुर्वा सुद'ला एक खुले पत्र

प्रति,
कुर्वा सुदची समस्त मंडळी,
दुसरा मजला, निळा भाग,
सान सिरो स्टेडियम, मिलान.

स. न. वि. वि.

2025 च्या सप्टेंबरअखेरीस मिलानच्या महापालिकेने रात्रभर खल करून सान सिरो एसी मिलान आणि इंटर या दोन्ही क्लबांना विकायला मंजुरी दिली. नोव्हेंबरमध्ये खरेदीखतावर सह्याही झाल्या. शेजारी नवं स्टेडियम उभं राहणार आणि जुन्याचा थोडा भाग सोडून बाकी सगळं पाडणार, असं ठरलंय. म्हणजे तुमच्या हातात आता मोजकेच हंगाम उरले. शेवटच्या सामन्याला काय करायचं, कुठलं कापड, कुठले रंग, कोणाचा चेहरा, याचा विचार तुमच्यातल्या कुणीतरी आत्ताच सुरू केला असणार. त्या यादीत एक काम वाढवावं, म्हणून हे पत्र.

काम तुमच्या क्लबचा बचावपटू आणि कप्तान पाओलो माल्दिनी याचं आहे. 24 मे 2009 चं.

पत्र मी कोल्हापुरातून लिहितोय, तेही मराठीत. तुमच्यापैकी कुणी ते वाचेल अशी आशा नाही. पण आमच्याकडे लाल-काळे पट्टे अंगावर घालणारी मंडळी कमी नाहीत, आणि त्यातल्या निम्म्यांना त्या दिवशी काय घडलं हे धड ठाऊक नाही. तेव्हा तुमच्या निमित्ताने त्यांनाही सांगणं होईल.

तर मराठी वाचकांसाठी थोडक्यात. कुर्वा सुद म्हणजे सान सिरोचं दक्षिण टोक, गोलच्या मागचं. एसी मिलानचे कट्टर, संघटित समर्थक तिथे बसतात. बसतात कसले, नव्वद मिनिटं उभेच असतात. इटलीतला अशा समर्थकांचा पहिला गट म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'फोस्सा देई लेओनी' 1968 साली याच क्लबच्या पाठीराख्यांनी काढला. 2005 मध्ये तो विसर्जित झाला, पण टोक राहिलं, ढोल राहिले, आख्खा मजला झाकणारी कापडं राहिली. माल्दिनीचा जन्मही 1968 चाच, 26 जूनचा, त्याच शहरातला. तुम्ही दोघे एका वयाचे आहात.

आता तो दिवस. रविवार होता. सान सिरोवर माल्दिनीचा शेवटचा सामना, समोर रोमा. चाळीस वर्षांचा कप्तान, या एका क्लबकडून जवळजवळ नऊशे सामने खेळलेला. सामना मिलानने 3-2 असा गमावला, रोमाच्या तोत्तीने विजयी गोल केला; पण निकालाकडे त्या दिवशी कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. सामना संपल्यावर तो मैदानाला फेरी मारायला निघाला. लोक उभे होते, टाळ्या चालू होत्या, पुष्कळांचे डोळे भरलेले. तो तुमच्या टोकाजवळ आला आणि तुम्ही शिट्ट्या वाजवायला सुरुवात केली.

बरं, हे आयत्या वेळी झालं असं म्हणायलाही तुम्ही जागा ठेवली नाहीत. फलक आधीच रंगवून आणले होते. एकावर मजकूर असा की मैदानावर तू अपार मोठा खेळाडू होतास, पण ज्यांनी तुला श्रीमंत केलं त्यांचा तू मान राखला नाहीस. दुसऱ्यावर, पंचवीस वर्षांच्या देदीप्यमान कारकिर्दीबद्दल मनःपूर्वक आभार, ज्यांना तू भाडोत्री आणि भिकारडे म्हणालास त्यांच्याकडून. आणि या सगळ्यावर ताण म्हणजे त्याच्या आधीचा कप्तान फ्रँको बारेसी याचा 6 क्रमांकाचा अवाढव्य शर्ट उलगडून 'कप्तान एकच' ही घोषणा. ज्याचा निरोप, त्याच्या तोंडावर दुसऱ्याचं नाव.

तो थबकला. मग तुमच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या कौतुकाच्या नव्हत्या. नंतर पत्रकारांपाशी तो म्हणाला की मी यांच्यापैकी नाही याचा मला अभिमान वाटतो.

तुमच्या तीन तक्रारी होत्या. कप्तान बारेसीच, ही एक. तू आम्हाला वाईट बोललास, ही दुसरी. आणि आम्ही तुला मोठं केलं, ही तिसरी. पहिलीवर मला जास्त बोलायचंय, कारण तीच एक फुटबॉलची आहे.

बारेसीवरचं तुमचं प्रेम मला पटतं. मिलान 1980 साली सट्टेबाजीच्या प्रकरणात दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला, वर आला, आणि 1982 मध्ये निव्वळ वाईट खेळून पुन्हा खाली गेला. दोन्ही वेळा बारेसी थांबला. तो पाण्यात बुडालेल्या घरात राहिलेला माणूस आहे आणि असल्या माणसाचं मोल निराळंच असतं. माल्दिनीने पहिला सामना खेळला तो 20 जानेवारी 1985 ला, उदिनेला, सोळाव्या वर्षी, प्रशिक्षक नील्स लीडहोमने त्याला बदली म्हणून उतरवलं तेव्हा. पुढच्या काही वर्षांत नवा मालक बेर्लुस्कोनी आला, पैसा आला, प्रशिक्षक साक्की आला, गुलीट-व्हान बास्टन-राइकार्ड हे डच त्रिकूट आलं. बाप सेझारे माल्दिनी हा 1963 चा युरोपियन कप उचललेला मिलानचा कप्तान. म्हणजे हे पोरगं सोन्याचा चमचा घेऊन आलं, असं तुम्हाला वाटलं असेल. त्यात लहानपणी तो युव्हेंटसचा चाहता होता, हेही त्यानेच सांगून टाकलंय. घ्या, फलकावर लिहायला आणखी एक ओळ मिळाली असती.

पण बारेसी गेल्यानंतरचं काय? 1996-97 मध्ये मिलान लीगमध्ये अकरावा आला. त्या हंगामात याच सान सिरोवर युव्हेंटसने 6-1 ने धुतलं. पुढच्या वर्षी दहावा. 1997 मध्ये बारेसी निवृत्त झाला आणि दंडावरची पट्टी माल्दिनीकडे आली ती ही अशा अवस्थेत. तेव्हा त्याला युरोपातल्या कुठल्याही क्लबने डोक्यावर घेतलं असतं. तो हलला नाही. 1999 मध्ये लीग जिंकून दिली. घर बुडालेलं असताना थांबणं एवढाच निकष असेल, तर या दोन वर्षांचे गुण त्याच्या नावावरही टाका.

आणि मुळात बारेसी की माल्दिनी हा वाद तुम्ही काढलातच कशाला, हे मला अजून उमगत नाही. त्या दोघांना एकमेकांपासून वेगळं काढून बघताच येत नाही. तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, माल्दिनी: अरिगो साक्कीने या चौघांना एका ओळीत पुढे सरकायला आणि मागे यायला शिकवलं. 1987-88 मध्ये लीगच्या 30 सामन्यांत मिलानने फक्त 14 गोल खाल्ले. साक्कीनंतरचा प्रशिक्षक कापेल्लो याच्या काळात, 1993-94 मध्ये, 34 सामन्यांत 15. ओळीच्या मध्यावर उभा राहून हात वर करणारा बारेसी सगळ्यांना दिसायचा. पण हात वर झाल्यावर डावीकडच्या माणसाचं पाऊल अर्ध्या सेकंदाने जरी मागे राहिलं, तरी समोरच्या आक्रमकाला बचावाच्या ओळीमागे नियमाबाहेर अडकवणारा ऑफसाइडचा सापळा कोसळतो. वर्षानुवर्षं तो कोसळला नाही, यात त्या पावलाचाही वाटा आहे.

त्याचा खेळ मी लहानपणी दूरदर्शनवर पहिल्यांदा पाहिला. 1990 चा विश्वचषक, इटलीतलाच. तेव्हा आम्ही बचावपटूकडे बघणारी पोरं नव्हतो. गोल कोण करतो एवढंच बघायचो. माल्दिनीने बघायला शिकवलं म्हणेन. तो उजव्या पायाचा, आणि खेळायचा लेफ्ट बॅक. समोरचा विंगर चेंडू घेऊन आला की हा झेप घ्यायचा नाही. अंग थोडं तिरकं करून, गुडघे किंचित वाकवून, विंगरच्या आणि गोलच्या मधली जागा धरून मागे सरकत राहायचा. घाई नाही. विंगरला वाटायचं आपल्याला बाहेरची बाजू मोकळी मिळाली. ती मोकळी मिळालेली नसायची, दिलेली असायची. आणि तिथे तो पोचेपर्यंत चेंडू टाकायला कोन उरलेला नसायचा. मग हा शांतपणे पाय घालायचा. किंवा पायही घालायचा नाही, चेंडू आपोआप बाहेर जायचा. टीव्हीवर त्यातलं अर्धंअधिक दिसायचंही नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे. आमच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून एखाद्या जुन्या बॅकला बघताना मला पुढे हे कळलं की चांगला बचाव मैदानात बसूनच दिसतो. तुम्ही तर पंचवीस वर्षं तिथे बसून होतात. तुमच्याइतकं ते कुणी पाहिलेलं नाही. म्हणूनच ते जास्त लागतं.

एक उदाहरण देतो, कारण ते कुणी एकत्र मांडलेलं माझ्या वाचण्यात नाही. 18 मे 1994, अथेन्स. युरोपियन चषकाची अंतिम लढत, समोर प्रशिक्षक क्रायफचा बार्सेलोना. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही निलंबित. सगळे म्हणत होते, मिलान गेला. माल्दिनीला डावीकडून उचलून मध्यभागी फिलिपो गाल्लीच्या जोडीला उभं केलं. समोर रोमारिओ आणि स्तोइचकोव हे आक्रमक. मिलान 4-0 ने जिंकला. बरोबर साठ दिवसांनी, 17 जुलैला, पासाडेनात विश्वचषकाची अंतिम लढत. पुन्हा समोर रोमारिओ, या वेळी जोडीला बेबेतो. बारेसीच्या गुडघ्यावर स्पर्धा चालू असतानाच शस्त्रक्रिया झाली होती, आणि साडेतीन आठवड्यांत तो परत उभा. त्याच्या शेजारी, मध्यभागी, पुन्हा माल्दिनी. भर दुपारच्या उन्हात 120 मिनिटं ब्राझीलला गोल करता आला नाही. म्हणजे त्या वर्षीच्या दोन सगळ्यांत मोठ्या सामन्यांत रोमारिओला खेळ चालू असताना गोल मिळाला नाही. एकात बारेसी नव्हता, एकात होता. माल्दिनी दोन्हीत होता.

पासाडेनात पेनल्टी हुकल्यावर बारेसी रडला ते जगाने पाहिलं. आमच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि घराघरांत दूरदर्शन चालू होतं. तुमचा 'एकच कप्तान' त्या दिवशी ज्याच्या शेजारी झुंजला, त्यालाच तुम्ही त्याच्या नावाने हिणवलंत. बारेसीलाही ते आवडलं असेल असं मला वाटत नाही.

बाकी बेरीज सांगायची तर: मिलानकडून 902 सामने, त्यातले 647 लीगचे. सात लीग विजेतेपदं, पाच युरोपियन चषक. 2003 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर युव्हेंटसविरुद्ध पेनल्टीवर जिंकून चषक उचलला तेव्हा बापाने वेम्बलीवर उचलला त्याला चाळीस वर्षं झाली होती. इटलीकडून 126 सामने आणि हाती एकही मोठी स्पर्धा नाही. 1994 ची अंतिम फेरी हरली, 2000 च्या युरोची फ्रान्सविरुद्ध जादा वेळेत सामना तिथेच संपवणाऱ्या 'गोल्डन गोल'वर हरली, आणि 2002 मध्ये कोरियाच्या आन जुंग-ह्वानने नेमकं त्याच्याच डोक्यावरून हेडर मारून इटलीला घरी पाठवलं. तो त्याचा इटलीकडून शेवटचा सामना. चार वर्षांनी इटली विश्वविजेती झाली तेव्हा तो घरी होता. याबद्दल त्याने कधी गळा काढलेला नाही.

आता दुसरी तक्रार. इस्तंबूल, 2005, युरोपियन चषकाची अंतिम लढत, समोर लिव्हरपूल. पहिल्याच मिनिटाला त्यानेच गोल केला होता, पिर्लोच्या फ्री किकवर, उजव्या पायाने. मध्यंतराला 3-0. नंतर सहा मिनिटांत लिव्हरपूलचे तीन गोल आणि शेवटी पेनल्टीवर हार. ती रात्र आम्हीही जागून काढली आहे, दुसऱ्या दिवशी कामावर कुणाशी धड बोललो नाही. परतल्यावर विमानतळावर तुमच्यातल्या काही पोरांनी कप्तानाकडे माफी मागण्याची मागणी केली. त्याने ती फेटाळली, आणि फेटाळताना तो गोड बोलला नसणार. गोड बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतंच. तुमच्या म्होरक्यांशी बसून चहा-कॉफी घेणं, सामन्याआधी येऊन हात जोडणं, हे त्याने कधी केलं नाही. तो गर्विष्ठ आहे असं म्हणणारे आहेत आणि त्यात थोडं तथ्यही असेल. पण ज्या माणसाने सोळाव्या वर्षापासून या शर्टाखेरीज दुसरा घातला नाही, त्याने एक अंतिम सामना हरल्याबद्दल विशीतल्या पोरापुढे मान खाली घालावी, ही अपेक्षा कुठल्या तालमीत शिकलात?

तालमीचं नाव काढलं तर आमच्या गावाबद्दल सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांत आणि तालमीतालमींत वाटलेला आहे. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुपारपासून गल्ल्या ओस. हलगी, घोषणा, आणि समोरच्या पाठीराख्यांच्या पूर्वजांचा उद्धार. हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागलेत, असोसिएशनला हात जोडावे लागलेत. आपल्या तालमीच्या खेळाडूवर हक्क सांगणं म्हणजे काय, हे आम्हाला तुमच्याकडून शिकायला नको. पेनल्टी हुकवलेल्या पोराला घरी जाताना प्रत्येक कट्ट्यावर थांबवून विचारतात, "काय रं, झोपला हुतास व्हय?" आणि त्याच पोराचा गुडघा गेला तर ऑपरेशनसाठी वर्गणीही तेच कट्टे काढतात. त्यामुळे तुमचा हक्क मी नाकारत नाही. वाईट खेळला तर शिट्टी मारा. पाठ फिरवा, ढोल बंद ठेवा, पंधरा मिनिटं उशिरा आत या. फुटबॉलमध्ये ते चालतं आणि खेळाडूनेही ते सोसायला हवं.

पण 24 मे ला तुम्ही त्याच्या खेळावर शिट्टी मारली नाहीत. त्याने तुम्हाला सलाम केला नाही म्हणून मारलीत. पाठीराखा आणि मुकादम यांतला फरक तिथेच पडतो. खेळाडूने आपल्या पायांचा हिशेब द्यावा, आपल्या मानेचा नाही. मला या पत्रात एवढंच म्हणायचं होतं. बाकीचं सगळं तपशील म्हणून घ्या.

राहिली तिसरी तक्रार, श्रीमंत केल्याची. फलकावरचं ते वाक्य मी गेली कित्येक वर्षं मनात घोळवतोय, कारण त्यात एक अर्धसत्य आहे. तिकिटं तुम्ही काढता, पदरमोड करून परगावी जाता, आणि त्यातून खेळाडूचा पगार निघतो, हे खरं. पण कुणी कुणाच्या जिवावर पैसा केला हा प्रश्न तुम्हीच फळ्यावर लिहिलात, तर त्याचं पुढचं उत्तरही वाचावं लागेल. 30 सप्टेंबर 2024 ला मिलानमध्ये पोलिसांनी तुमच्या आणि समोरच्या इंटरच्या, दोन्ही टोकांच्या म्होरक्यांना पकडलं. एकोणीस जणांना अटक. तिकिटं, पार्किंग, स्टेडियमभोवतीचा खाण्यापिण्याचा धंदा, आणि या सगळ्यासाठी खंडणी आणि मारहाण, असे आरोप. 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या. 2009 मध्ये फलक धरणारे हात तेच होते असं मी म्हणत नाही. तुमच्यात हजारो साधी माणसं आहेत, जी केवळ गळा फाडून ओरडायला येतात, आणि त्यांना या धंद्यातून फुटकी कवडी मिळालेली नाही. उलट त्यांनाच चढ्या भावाने तिकिटं घ्यावी लागली असतील. त्या साध्या माणसांनाच माझं विचारणं आहे की कृतज्ञतेचा जाब विचारायला पहिला माणूस तुम्हाला माल्दिनीच सापडला?

त्या दिवशी स्टेडियममधले बाकी सगळे टाळ्या वाजवत होते, हे मात्र विसरता कामा नये. लोक म्हणतात 'मिलानच्या चाहत्यांनी माल्दिनीला हिणवलं', ते खोटं आहे. एका टोकाने हिणवलं आणि त्यातल्याही सगळ्यांनी नसेल. खालच्या मजल्यावर, मुख्य स्टँडमध्ये, पोरांना खांद्यावर घेऊन आलेली माणसं होती. पण ढोल तुमच्याकडे असल्यामुळे आवाज तुमचा नोंदला गेला. क्लबच्या वरच्या मंडळींनीही ताबडतोब त्याची बाजू घेऊन तुम्हाला खडसावलं नाही, आणि त्याला शिट्ट्यांपेक्षा ते जास्त लागलं असावं.

पुढच्या रविवारी, 31 मे ला, तो कारकिर्दीतला अखेरचा सामना खेळला तो फिरेंझेला, म्हणजे फ्लॉरेन्सला, फिओरेंतिनाच्या मैदानावर. मिलान 2-0 ने जिंकला. फिओरेंतिनाच्या लोकांना मिलानबद्दल काडीचं प्रेम नाही. त्यांनी उभं राहून त्याला निरोप दिला. जांभळ्या शर्टांतली माणसं टाळ्या वाजवतायत आणि पांढऱ्या जर्सीतला तो मान लववतोय. ज्या माणसाला मान लववताच येत नाही असं तुमचं म्हणणं होतं, तो हाच.

यानंतर तुमची-त्याची गाठ पडली ती 2018 मध्ये, तो क्लबच्या कचेरीत परत आला तेव्हा. त्याच्या हातात पैसा फारसा नव्हता, संघ विस्कटलेला. बचावपटू तेओ एर्नांदेझला इबिझात सुट्टीवर गाठून त्याने गळ घातली. फ्रान्सच्या लिल क्लबाकडून आक्रमक लेआओ आणला. गोलरक्षक दोन्नारुम्मा फुकटात निघून गेला तेव्हा हातपाय न गाळता मेन्यांला आणून उभं केलं. 22 मे 2022 ला सास्सुओलो संघाला 3-0 ने हरवून अकरा वर्षांनी लीग मिळवली आणि तुम्ही सगळे मिलानच्या रस्त्यांवर नाचलात. बचावपटूचं कामच असं की त्याने केलेलं दिसत नाही. कचेरीतही त्याने तेच केलं. वर्षभरात संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोचला, आणि इंटरकडून हरल्यावर महिन्याभरात नव्या मालकांनी त्याला काढून टाकलं. तेव्हा पुष्कळ मिलानवाल्यांना कळलं की आपण काय गमावलं. उशिरा कळलं, पण कळलं.

त्याचा मुलगा डॅनियल. 2021 च्या सप्टेंबरमध्ये स्पेझियाविरुद्ध मिलानकडून लीगमधला पहिला गोल केला, आजोबा आणि बापानंतर तिसरी पिढी. क्लबने 3 हा क्रमांक निवृत्त केलाय, फक्त माल्दिनीच्या मुलांसाठी तो मोकळा ठेवलाय. डॅनियलने 27 घेतला. पुढे 14 ऑक्टोबर 2024 ला तो इटलीकडून पहिल्यांदा उतरला, इस्रायलविरुद्ध. मैदान कुठलं? उदिनेचं. बाप सोळाव्या वर्षी जिथे पहिल्यांदा मिलानच्या शर्टात धावत गेला तेच. मधे एकोणचाळीस वर्षं आणि जवळजवळ नऊ महिने.

आता मागणी. सान सिरोवरच्या अखेरच्या हंगामात, एखाद्या साध्या लीग सामन्यालासुद्धा चालेल, दुसऱ्या मजल्यावरून 3 क्रमांकाचा शर्ट सोडा. 2009 मध्ये 6 चा सोडला होता तेवढाच मोठा. 6 चाही सोबत सोडा, माझी हरकत नाही. दोघे शेजारी उभे राहायचेच. माल्दिनीला आमंत्रण धाडू नका. तो यावा, हात हलवावा, डोळे पुसावेत, अशी अट घालू नका. तो आला नाही तर नाही आला. मैदानावर तो तुमच्यासाठी पंचवीस वर्षं आला होता.

आणि हे माझ्यासाठी किंवा त्याच्यासाठी करायचंय असंही नाही. तुमच्यात आता विशीतली पोरं आहेत, ज्यांनी त्याला खेळताना पाहिलेलं नाही. त्यांनी त्याचं नाव ऐकलं ते बापाकडून, आणि त्या दिवसाची चित्रफीत पाहिली ती मोबाइलवर. त्यात त्यांना स्वतःचंच टोक शिट्ट्या मारताना दिसतं. त्या पोरांना दाखवायला दुसरी एखादी चित्रफीत हवी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढेल की नाही ते शर्टावर ठरेल.

आपला,
कोल्हापूरचा एक मिलानवाला

ता. क. कापडावर सोबत चार ओळी लिहायचा मोह होईल. लिहू नका. नुसता आकडा पुरे.